पाणी जेथे स्वतःच बांध घालते
(निसर्ग अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



सरोवर म्हटले की स्थिर पाणी डोळ्यांपुढे येते, धबधबा म्हटला की कोसळणारे. क्रोएशियातील प्लितवित्से राष्ट्रीय उद्यानात ही दोन्ही रूपे एकमेकांच्या आधाराने नांदतात. दरीत पायऱ्यांप्रमाणे उतरत गेलेली तेथे १६ सरोवरे आहेत. वरच्या अंगाला १२, खालच्या अंगाला ४. एकाचे पाणी बांधावरून ओसंडून दुसऱ्यात पडते. सर्वांत मोठे व खोल सरोवर कोझ्याक. खालच्या टोकाला प्लितवित्सा हा ओढा ७८ मीटर उंचीवरून झेप घेतो आणि तेथूनच कोराना नदी सुरू होते. लाकडी फळ्यांच्या वाटेने चालताना हे पाणी आपल्या पायांखालून धावत असते.

हे बांध घातले कोणी? खुद्द पाण्याने. चुनखडीच्या डोंगरांतून झिरपताना पाणी आपल्यात चुना विरघळवून घेते. धबधब्यावर ते उसळले की त्यातील कर्बवायू निसटतो आणि चुना शेवाळावर साचू लागतो. शेवाळाचा शेंडा वाढत राहतो, बुडखा दगड होत जातो. असा बांध वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. परंतु यासाठी पाणी निर्मळ हवे. त्यात सेंद्रिय मळ मिसळला की चुना बसेनासा होतो. सांडपाण्याच्या खतावर झाडोरा माजला, तर तोही बांधाला घातक ठरतो. म्हणूनच या सरोवरांत पोहण्यास सक्त मनाई आहे.

या स्थळाला १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९७९ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. मार्च १९९१ मध्ये ईस्टरच्या दिवशी याच परिसरात क्रोएशियाच्या युद्धाचे पहिले बळी पडले. १९९२ ते १९९७ या काळात उद्यानाचे नाव संकटग्रस्त वारशांच्या यादीत होते. युद्ध संपले, भूसुरुंग काढण्यात आले; पुढे नवे संकट आले ते प्रेमाच्या वाटेने. २०१७ या एका वर्षात १७ लाखांहून अधिक पर्यटक आले. त्यांच्यासाठी काठच्या गावांत निवासस्थाने वाढली आणि त्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न उभा राहिला. अखेर व्यवस्थापनाला दर तासाच्या प्रवेशावर मर्यादा घालावी लागली.

शत्रूपासून रक्षण करताना शौर्य पुरते. चाहत्यांपासून रक्षण करायचे तर संयमच लागतो, आणि तो चाहत्यांनीच पाळायचा असतो. पाण्यात न उतरता, हात जोडून काठावरून परतणे, हेही दर्शनच आहे. धबधबा ‘पाहून झाला’ असे आपण सहज म्हणतो. प्लितवित्सेचा धबधबा मात्र अजून बांधून व्हायचा आहे. त्याचे काम चालू आहे. आपण त्यात अडथळा होऊ नये, एवढेच!