मूल कोणाच्या हाती सोपवावे?

(सत्तरी तालुक्यातील महिला मंडळे व शिक्षक यांच्या मेळाव्यात एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेले भाषण)



शासनाच्या योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे नित्याचे काम. परंतु आज आपण मला दिलेला विषय कचेरीपेक्षा घराच्या अधिक जवळचा आहे. आईबाप दोघेही कामावर जात असतील, तर तान्हे मूल दिवसभर कोणाच्या स्वाधीन करावे, हा तो विषय होय. काजूच्या हंगामात डोंगरावर जाणाऱ्या भगिनींना हा प्रश्न पडतो, औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्यांना पडतो, आणि सकाळच्या बसने पणजी गाठणाऱ्या नोकरदारांनाही पडतो.

पूर्वी असा प्रश्नच नव्हता, असे आपण म्हणतो. ते सर्वस्वी खरे नाही. संभाजी महाराज तान्हे असताना कापूरहोळच्या धाराऊंनी त्यांना दूध पाजले. साडेतीनशे वर्षे लोटली, तरी त्या माउलीचे नाव आदराने घेतले जाते. मूल सांभाळणाऱ्या बाईला आपण 'आया' म्हणतो. तो शब्द पोर्तुगीज भाषेतला. तो येथे रुजला आणि पुढे देशभर पसरला. परक्या हाती मूल देण्याची रीत, थोडक्यात, जुनीच आहे.

या रीतीची एक काळी बाजूही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक स्त्रिया तान्ही मुले खोलीत ठेवून जात. मूल रडू नये, निपचित पडून राहावे, म्हणून त्याला अफू घातलेली 'बाळगोळी' दिली जाई. त्या माता निर्दय नव्हत्या. मुलापाशी बसायला कोणी नव्हते, एवढाच त्यांचा अपराध. पुढे 1929 मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. 1948 च्या कारखाने अधिनियमाने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघर असावे, असे बंधन घातले.

ही जुनी हकिकत म्हणून मी बाजूला ठेवली असती. परंतु तिचेच एक रूप माझ्या घरी मला पाहावे लागले.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी चौदा महिन्यांची होती. पत्नी शिक्षिका, मी दौऱ्यावर. शेजारच्या आळीतील एक बाई घरी मुले सांभाळीत असत. बोलणे गोड, दर कमी. आम्ही दुसरी चौकशी केली नाही. संध्याकाळी मुलीला आणावयास जावे, तर ती शांत झोपलेली असे. "तुमची मुलगी किती गुणी!" असे त्या म्हणत, आणि आम्ही सुखावत असू. एके दिवशी कार्यक्रम रद्द झाल्याने मी दुपारीच तेथे पोहोचलो. ओटीवर पाच मुले ओळीने झोपली होती, आणि खिडकीत खोकल्याच्या औषधाची बाटली व चमचा होता. मुलीला हाक मारली, तरी ती डोळे उघडीना. त्या दिवशी दवाखान्यात काढलेले चार तास मी विसरलेलो नाही. ती सुखरूप परतली, हे आमचे भाग्य.

त्या बाईंवर मी संतापलो. त्या रडत म्हणाल्या, "भाऊ, पाच पोरे, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. मी एकटी काय काय करू?" मजपाशी उत्तर नव्हते. त्या किती मुले सांभाळतात, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. आम्हांला स्वस्त दर हवा होता आणि शांत मूल हवे होते. दोन्ही मिळाले, म्हणून आम्ही डोळे मिटून घेतले आणि त्यालाच विश्वास म्हटले. त्यांची चूक गंभीर होती. पण तिच्यात आमचाही वाटा होता.

म्हणून अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी आपणांस सांगतो.

पहिली गोष्ट, मूल ठेवण्यापूर्वी ते घर स्वतः पाहावे. विहिरीला कठडा आहे काय, चूल आणि औषधे मुलाच्या हाताबाहेर आहेत काय, मुले किती आणि सांभाळणारी माणसे किती, घरात आणखी कोणाची ये-जा असते, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. तेथे पूर्वी मूल ठेवलेल्या दोन घरांना भेटावे. पहिले काही दिवस आपण मुलाबरोबर तेथे बसावे.

दुसरी गोष्ट, मधूनच, न कळविता जावे. प्रामाणिक बाईला त्याचा राग येत नाही, कारण तिच्याजवळ झाकण्यासारखे काही नसते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणतेही औषध देऊ नये, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य खात्याने ऑक्टोबर 2025 मध्ये कळविले आहे.

तिसरी गोष्ट, मुलाचे ऐकावे. हसरे मूल एकाएकी गप्प झाले, विशिष्ट माणसाला पाहून बिलगू लागले, अंगावर वळ दिसले, तर "पोरांचे असेच असते" म्हणून ते टाळू नये. बोलू लागलेल्या मुलाला न दरडावता विचारावे. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळविणे, हा 2012 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक आहे. शिक्षकांनी तो शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

चौथी गोष्ट विशेषतः शिक्षकांसाठी आहे. धाकट्या भावंडासाठी थोरल्या मुलीची शाळा बुडविली जाते. हजेरीपटावरची ती रिकामी जागा आपल्यालाच प्रथम दिसते. तिच्या घरी जाऊन बोलावे. चौदा वर्षांखालील मुलीला दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळण्यास ठेवणे तर कायद्याने मना आहे. जी स्वतःच मूल आहे, तिच्यावर दुसऱ्या मुलाचा भार टाकू नये.

भगिनींनो, 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेमुळे अंगणवाडी गावागावांत पोहोचली. परंतु अंगणवाडीचे काही तास आणि आईचा कामाचा दिवस यांत अंतर उरते. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या अंगणवाडी-पाळणाघरांसाठी केंद्राची 'पाळणा' योजना आहे. आपल्या गावी ते हवे असेल, तर ग्रामसभेत मागणी करा. अर्ज लिहिण्यास मी साहाय्य करीन.

शेवटी एकच सांगतो. आपले मूल सांभाळणाऱ्या बाईला पुरेसा मोबदला द्या, सणावाराला सुट्टी द्या, तिच्या अडचणी विचारा. ती थकली आहे, हे तिने निर्भयपणे सांगावे, असे नाते तिच्याशी ठेवा. विश्वास एकदा टाकून मोकळे होता येत नाही. तो रोज पाहावा लागतो, आणि दोन्ही बाजूंनी सांभाळावा लागतो.