यादीतील नाव आणि संगणकाची रीत

एखादा पात्र अर्जदार कचेरीत येतो आणि ‘यादीत नाव नाही’ असे ऐकून परत जातो. नाव मात्र यादीत असते. असे का घडावे, हे समजण्यासाठी संगणक नाव कसे शोधतो ते पाहिले पाहिजे.

काम तडीस नेणाऱ्या निश्चित, क्रमवार आणि मर्यादित पायऱ्यांना ‘अल्गोरिदम’ म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये कार्य केलेले गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून हा शब्द आला. १,००० नावांची यादी पहिल्यापासून वाचत गेल्यास १,००० वेळाही ताडून पाहावे लागेल. यादी वर्णानुक्रमे असेल, तर मधले नाव पाहावे, हवे ते नाव त्याच्या आधी की नंतर हे ठरवावे आणि उरलेला अर्धा भाग सोडून द्यावा. या रीतीने जास्तीत जास्त १० वेळांत निकाल लागतो; एक लाख नावांना १७ वेळा पुरतात. परंतु नवे नाव क्रम मोडून तळाशी लिहिले गेले, तर हीच जलद रीत ते सापडत नाही असे सांगू शकते.

अशी चूक केव्हा उघडकीस येईल, हे आज्ञावली तयार करण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. एका पद्धतीत गरजांची नोंद, आराखडा, लेखन व चाचणी हे टप्पे एकामागून एक येतात. अमेरिकेतील विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये हा क्रम मांडला. चाचणी अखेरीस ठेवण्यात धोका आहे, असा इशाराही त्याच लेखात दिला. दुसऱ्या पद्धतीत लहानसा भाग तयार करून वापरणाऱ्यांपुढे ठेवतात आणि त्यांच्या सूचनांनुसार वरचेवर सुधारतात. २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात १७ जाणकारांनी या विचाराचा जाहीरनामा तयार केला. ही पद्धत ‘अजाइल’ नावाने ओळखली जाते.

नियम स्पष्ट व स्थिर असतील तेथे पहिली पद्धत सोयीची. गरजा वापरातूनच कळणार असतील तेथे दुसरी उपयुक्त. कोणतीही स्वीकारली, तरी चाचणीच्या वेळी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांनी नित्याच्या अडचणी पुढे ठेवणे आवश्यक आहे. एकाच नावाच्या दोन व्यक्ती, विवाहानंतर बदललेले आडनाव, कालच भरलेली नोंद यांची परीक्षा आधीच झाली, तर पात्र अर्जदाराला रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.