अपर हँड: कोणाचा हात, कोणावर?

इयरफोन लावलेत ना? आजचा वाक्प्रचार आहे 'टू हॅव द अपर हँड'.

याच्यामुळे माझी एकदा चांगलीच फजिती झाली. नोकरीचा इंटरव्ह्यू होता. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, मराठी आणि हिंदी दोन्ही बोलता का? मी ऐटीत म्हटलं, 'येस मॅडम, आय हॅव द अपर हँड!' मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, 'ओव्हर हूम?' म्हणजे, कोणावर? माझी बोलतीच बंद!

पण त्या एका प्रश्नातच सगळं आलं. अपर हँड म्हणजे नुसता फायदा नाही. समोर कोणीतरी लागतं, चुरस लागते आणि त्यात तुमचं पारडं जड लागतं. आपण म्हणतो ना, याचा त्याच्यावर वरचष्मा आहे? अगदी तेच. म्हणून पुढे बहुतेक वेळा 'ओव्हर' येतं.

घरातलंच उदाहरण घ्या. कॉलेज परवा सुरू होतंय आणि तुम्हाला अजून खोली मिळाली नाही. घरमालकाला हे माहीत आहे. आता भाडं कोण ठरवणार? 'द लँडलॉर्ड हॅज द अपर हँड.' बरोबर?

आता क्रियापदं बघू. पारडं आधीच जड असेल तर 'हॅव'. नव्याने जड झालं तर 'गेन' किंवा 'गेट'. हातचं गेलं तर 'लूज'. आणि 'ॲन अपर हँड' नाही हं, 'द अपर हँड'!

हे पारडं फिरतंही. 2001 ची कोलकाता कसोटी आठवा. तेव्हा तुमचा जन्म झाला नसेल तर बाबांना विचारा! सलग 16 कसोट्या जिंकून आलेली ऑस्ट्रेलिया. त्यांच्या 445, आपल्या फक्त 171, वर फॉलोऑन. 'ऑस्ट्रेलिया हॅड द अपर हँड.' मग चौथ्या दिवशी लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर खेळले, एकही विकेट पडली नाही. 'इंडिया गेन्ड द अपर हँड.' लक्ष्मणच्या 281, द्रविडच्या 180. आणि गंमत म्हणजे ज्या 171 वर आपण गारद झालो होतो, तेवढ्याच धावांनी आपण जिंकलो!

हा शब्दप्रयोग आला कुठून? एक गोष्ट सांगतात, की बेसबॉल खेळणारी मुलं बॅटच्या दांड्यावर हातावर हात ठेवत जातात आणि ज्याचा हात सगळ्यात वर, तो जिंकला. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. इंग्रजीत हा प्रयोग 15 व्या शतकापासून आहे, म्हणजे बेसबॉलच्या कितीतरी आधीपासून.

मग मी इंटरव्ह्यूत काय म्हणायला हवं होतं? साधं, सरळ: 'नोइंग बोथ लँग्वेजेस इज ॲन ॲडव्हांटेज.' स्वतःची जमेची बाजू सांगायची तर 'ॲडव्हांटेज' म्हणा. कोणावर तरी वरचढ असाल तेव्हाच 'अपर हँड'. नाहीतर समोरच्याला वाटतं, हा आपल्यावरच कुरघोडी करतोय!

आता तुमचा गृहपाठ. तीच खोली दिवाळीनंतरही रिकामीच पडलेली आहे आणि घरमालक तुम्हाला रोज फोन करतोय. आता अपर हँड कोणाचा? वाक्य करा आणि मोठ्याने म्हणा, लाजू नका!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, बोलत राहा!