कामवारीची मरळ



पहिल्या चाचणीच्या वेळी मला ताप आल्याची चिठ्ठी बाईंना दिली होती. बाई, सही माझीच होती. मी कामवारीवर गळ टाकून बसलो होतो.

मरळीला गांडूळ चालतं, पण मोठी हवी तर बेडकाचं पिल्लू. ती हवा घ्यायला वर येते. बुडबुडा दिसला की गळ तिथेच सोडायचा. त्या दिवशी पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका तरंगत होता. खाली मोठ्या मरळी राखण करतात, जवळ येईल त्यावर धावतात. म्हणजे हमखास लागणार! दोन किलोची लागली.

घरी कालवण झालं. आजीने ताटाला हात लावला नाही. "पिल्लांची होती ना?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी गेलो, पुंजका नव्हता. त्यानंतर पावसाळ्यात मी मरळ धरली नाही.

आता धरायचा प्रश्नच नाही. रंगाचं नि गटाराचं पाणी सगळं कामवारीतच येतं. परवा पुलावर थांबलो, तर बुडबुडे येत होते. मरळीचे की गाळातल्या वायूचे, बराच वेळ बघूनही कळलं नाही.