तिच्या नावाचा केसपेपर

परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांतून आलेल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो,

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. परभणीला 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही समाधानाची गोष्ट. बाकीचं अहवालात छापलं आहे. मला आज वेगळंच बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी फार वर्षं वाट पाहिली आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळतं कोण? आपल्या केसपेपरवर रुग्णाचं नाव, वय, गाव, निदान असतं. जी त्याला भरवते, धुते-पुसते, रात्री कुशीवर वळवते, तिची तिथे नोंदच नसते. मोठ्या दवाखान्यात तिला झोपायला कॉटखालची फरशी मिळते. नाकातली नळी आणि लघवीची पिशवी तशीच ठेवून रुग्ण घरी पाठवतात आणि तिची शिकवणी जिन्यात उभ्या उभ्या उरकतात.

सकाळच्या सत्रात काही मित्र म्हणाले, घरच्यांना शिकवत बसणं डॉक्टरचं काम नाही. कुणी म्हणालं, खेड्यातल्या बाईला ते जमतच नाही. त्यांना मी सोनपेठ तालुक्यातल्या एका सुनेची हकिकत सांगतो. सासऱ्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी घरी जाऊन तिला दाखवलं: नळीतून अन्न देताना पाठीशी गोधड्या लावून बसवायचं, हळूहळू सोडायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच ठेवायची. दर दोन तासांनी कूस बदलायची. तिच्याकडे हवेची गादी नव्हती. शेतीपंपाची लाइट रात्रीची. नवरा मोटर चालू करायला उठला की ती सासऱ्याला वळवायची. तो शेतात पाण्याची दारं धरत असायचा तेव्हाही मधे उठायची, आणि तो परतला की पुन्हा एकदा. वर्षं लोटली, म्हाताऱ्याच्या पाठीवर एक जखम नव्हती. शहरात हवेच्या गादीवर निजलेल्यांच्या माकडहाडाजवळच्या खोल जखमा मी धुतल्या आहेत. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

पण ती सून स्वतः कंबर धरून चालायची. मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी रोज खायची. तपासली तर बीपी वाढलेलं, रक्त कमी. 8 मार्चला गावाने तिला शाल-श्रीफळ दिलं होतं. तिला हवं होतं वेगळंच. कुणीतरी तीन-चार दिवस म्हाताऱ्याजवळ बसावं आणि तिला माहेरी जाऊन येता यावं, एवढंच. नणंदा, दीर भेटायला यायचे, चहा प्यायचे, तिचं कौतुक करायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचे. याचा मला आजही संताप येतो.

आपण जनाबाईच्या गावात, गंगाखेडला बसलो आहोत. विठोबा जनीबरोबर दळायला बसला, ही कथा इथलं शेंबडं पोर सांगेल. देवाने तिची नुसती स्तुती केली नाही, जात्याच्या खुंट्याला हात लावला.

हे एका सुनेपुरतं नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार 15 ते 59 वयोगटात घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सुमारे 140 मिनिटं जातात, पुरुषांची 74. दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा. त्याच्या 24 व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेतून महिना 600 रुपये ठरले. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणारीच्या कामाची दखल तिथल्या सरकारने घेतली. इथे आपण निदान मागणी तरी लावून धरू. तालुक्या-तालुक्याला वर्ग घ्यावेत, नळी-पिशवी-कूस समजावणारं चित्रांचं पुस्तक काढावं, असं मनात आहे. कसं, कधी, ते कार्यकारिणी ठरवील.

त्याची वाट पाहू नका. सोमवारी ओपीडीत अंथरुणावरच्या रुग्णाची चिठ्ठी घेऊन जी बाई येईल, तिला आधी खुर्ची द्या. तिचं बीपी मोजा, तिच्या नावाचा केसपेपर काढा आणि त्याची फी घेऊ नका.