बोळा कुठे टाकता?

पुसून लावायचं पॉलियुरेथेन घरी कसं करावं, हा आजचा विषय. कृती अर्ध्या मिनिटाची आहे. तेलावर आधारलेलं, एका डब्यातलं पॉलियुरेथेन व्हार्निश एक वाटी, मिनरल टर्पेंटाईन एक वाटी. सावकाश ढवळा, डबा खुळखुळवलात तर बुडबुडे येतील. जुन्या सुती बनियनच्या तुकड्याचा बोळा करून त्याने पातळ पुसा, रात्रभर वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर, म्हणजे 320 नंबरचा, हलका फिरवा, धूळ टिपा, पुन्हा पुसा. ब्रशचा एक हात तिथे याचे तीन. हार्डनरवाल्या दोन डब्यांच्या पॉलियुरेथेनमध्ये मात्र टर्पेंटाईन घालू नका, त्याला त्याचाच थिनर लागतो. झाली कृती.

आता मला विचारायचंय ते विचारतो. काम संपल्यावर तो बोळा कुठे टाकता?

लाख पॉलिशवर हात बसलेली माणसं बोळा उद्यासाठी गुंडाळून ठेवतात. तिथे ते चालतं. स्पिरिट उडतं, लाख सुकते. इथे टर्पेंटाईन उडालं तरी मागे तेल राहतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि होताना ऊब सोडतं. टेबलावरची ऊब निघून जाते. बोळ्यातली कुठे जाणार?

मूल गोधडीत गुंडाळलं की घामाघूम होतं. गोधडी काही गरम नसते. ऊब अंगाची, गोधडी ती धरून ठेवते. बोळ्याच्या घड्या म्हणजे गोधडीच. वर आणखी दोन बोळे टाकलेत की दुसरी गोधडी. मूल निदान पांघरूण लाथाडतं, चिंधीला पाय नाहीत! ती तापत जाते, आणि शेवटी पेट घेऊ शकते.

माझ्याच पडवीत रंध्याच्या भुशाच्या पेटीतून धूर निघाला, तेव्हा काडी कोणी ओढली म्हणून मी घरभर ओरडलो. कोणीच ओढली नव्हती. आदल्या संध्याकाळी बोळा मीच टाकला होता. पुन्हा सांगतो, काडी लागत नाही.

म्हणून चिंधी उलगडा. एकेरी, घराबाहेर, सावलीत, दोरीवर. पापडासारखी कडक झाली की मग टाका. दोरी नसेल तर पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून ठेवा. पण चुरगळून कोपऱ्यात नको, भुशात तर नकोच.

उरलेल्या मिश्रणावर साय धरते, ती का धरते आणि डबा कसा... काचेपलीकडून खूण झाली. राहू द्या ते. आज कोणी पॉलिश केलं असेल, तर रेडिओ चालू ठेवून आधी उठा आणि बोळा शोधा.