सहा अंकांचे महत्त्व

मधुबन जलाशयाकाठच्या दुधनीतील कारागिराने वारली चित्र आंतरजालावरून विकले, तर ते दूरच्या ग्राहकापर्यंत पोचावे कसे? विक्रेत्यांसाठी तयार केलेली संगणक-प्रणाली वजन व पिनकोड पाहून दरांची तुलना करते, वाहतूकदार सुचविते आणि पत्त्याची चिठ्ठी छापून देते. तिचा आधार म्हणजे श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली व १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोड योजना होय. सिल्वासाच्या ३९६२३० मधील पहिला अंक पश्चिम विभाग, पहिले तीन अंक वर्गीकरण जिल्हा, तर शेवटचे तीन टपाल कार्यालय दर्शवितात. एक अंक चुकल्यास पार्सल भलत्याच गावी जाते आणि परतीचे भाडे गरीब कारागिरावर पडू शकते. म्हणून शिक्षकांनी मुलांना व मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना पिनकोडसह पूर्ण पत्ता लिहिण्यास शिकवावे, ही विनंती.